नंबर तिचा होता

रविवारी संध्याकाळी साडेतीन वर्षांच्या लेकीला घेऊन सोसायटीच्या प्ले एरियात गेलो. घसरगुंडीच्या शिडीवर तिच्यापुढे आमच्या वॉचमनची मुलगी होती. कमिटीतल्या एका काकांनी वॉचमनला हाक मारली. "हिला खाली घे. हे मेंबर्सच्या मुलांसाठी आहे." त्याने स्वतःच्या हातांनी पोरीला उतरवलं. मी मोबाइलमध्ये बघत राहिलो.

रात्री ग्रुपवर विषय काढला. उत्तर आलं, "मेंटेनन्स आम्ही भरतो." भरतो ना. त्यातूनच त्याचा पगार होतो आणि तो राहतो याच आवारात, पंपाशेजारच्या खोलीत. मग त्याची मुलगी बाहेरची कशी? दुसरं उत्तर, "सेफ्टीचा प्रश्न आहे." म्हणजे रात्रभर गेट त्याच्यावर सोडून आपण झोपायचं, आणि त्याच्या चार वर्षांच्या पोरीला मात्र घाबरायचं!

ही मोकळी जागा बिल्डरने प्रेमाने सोडलेली नाही. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवायला राज्याची २०२० ची बांधकाम नियमावलीच सांगते. खेळणं हा प्रत्येक मुलाचा हक्क मानणारा बालहक्क करारही भारताने १९९२ मध्येच स्वीकारलाय. त्यात 'मेंबर्सची मुलं' असा शब्द नाही.

"बाबा, तिचा नंबर होता ना?" लेकीने लिफ्टमध्ये विचारलं. रांगेत थांबायला मीच तिला शिकवलं होतं.

पुढच्या मीटिंगमध्ये हा नियम काढायचा ठराव मी मांडणार आहे. तुमच्याकडेही असा नियम असेल, तर तुम्हीही मांडा. मोबाइल खिशात ठेवून.