वऱ्हाडची दोअमली आणि यूएसबीची सनद : ‘यंत्र जुने झाले’ हा निकाल कोणाचा?

(थ्रेड)

१/ धडधाकट स्कॅनर अडगळीत का जातो? काच शाबूत असते, दिवा पेटतो, मोटर फिरते. तरीही नव्या संगणकाला तो जोडला की काहीच घडत नाही. दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते : ‘यंत्र जुने झाले.’ सिंदखेडराजा, मेहकर, लोणार अशा इतिहाससंपन्न गावांच्या जिल्ह्यात जुने कागद जतन करू पाहणाऱ्याने हे उत्तर मुकाट्याने स्वीकारू नये. हा निकाल काळाचा नसून माणसांचा आहे, म्हणूनच त्याला इतिहास आहे.

२/ यूएसबीची पहिली अधिकृत आवृत्ती जानेवारी १९९६ मधली. त्याआधी छपाईयंत्र, माउस, मोडेम यांना निरनिराळी तोंडे लागत. बडोद्यात शिकलेले अजय भट्ट आणि इंटेलमधील त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने अनेक कंपन्यांनी मिळून एक सामाईक जोडणी ठरवली. आश्वासन होते ‘लावा आणि वापरा’. २० एप्रिल १९९८ रोजी बिल गेट्स यांच्यासमोर व्यासपीठावर विंडोज ९८ ला स्कॅनर जोडला गेला आणि पडदा निळा पडला. आश्वासन आणि वास्तव यांतील दरी त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिली.

३/ ही दरी तारेत नाही. उपकरण जोडताच हब त्याची चाहूल घेतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्याच्याशी आधी शून्य या पत्त्यावर बोलतो, मग त्याला १ ते १२७ मधील एक क्रमांक देतो आणि त्याची ओळखपत्रे वाचतो : निर्माता कोण, नमुना कोणता, कामे कोणती. या ओळखपत्रांना डिस्क्रिप्टर म्हणतात. इथवरची भाषा सर्वांना खुली आहे.

४/ पुढचा टप्पा बहुतेकांना ठाऊक नसतो. ड्रायव्हर सहसा संपूर्ण उपकरणाशी जोडला जात नाही. तो जोडला जातो इंटरफेसशी, म्हणजे उपकरणाने देऊ केलेल्या एकेका कामाशी. बटणे असलेल्या हेडसेटचा आवाज एका ड्रायव्हरकडे जातो, बटणे दुसऱ्याकडे. वस्तू एक, कारभारी अनेक; पण प्रत्येकाचा महाल स्वतंत्र.

५/ कारभारी ठरतो कसा? लिनक्समध्ये प्रत्येक ड्रायव्हरपाशी आपण सांभाळू शकतो अशा उपकरणांची यादी असते. नाव जुळले की कर्नल ड्रायव्हरला ‘प्रोब’ करायला सांगतो. ड्रायव्हर तपासणी करतो आणि मगच इंटरफेस स्वीकारतो किंवा नाकारतो. सनद असणे वेगळे, अंमल बसणे वेगळे. ऑक्टोबर १७२४ मध्ये याच जिल्ह्यातील साखरखेर्ड्याला मुबारिझखानाच्या बाजूने बादशाही मर्जी होती. दख्खनचा अंमल मात्र रण जिंकणाऱ्या निजाम-उल-मुल्काचा बसला.

६/ आणि एका इंटरफेसवर एका वेळी एकच ड्रायव्हर. दुसरा आला तर कर्नल त्याला ‘जागा व्यस्त आहे’ असे सांगून परतवतो. या नियमाचे मोल वऱ्हाडाइतके कोणाला कळणार? अठराव्या शतकात येथे दोअमली होती : एकाच मुलखात निजामाचे आणि नागपूरकर भोसल्यांचे अंमलदार वसुली करीत. रयत दोघांच्या मध्ये भरडली गेली. १८०३ च्या देवगाव तहाने भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेकडील हक्क गेला, तेव्हा ही व्यवस्था मोडली.

७/ मात्र कारभारी एकच असला म्हणजे कारभार न्याय्य असतोच असे नाही. प्रश्न असा की त्याला नेमतो कोण आणि काढतो कोण. यूएसबीने काही कामांना सामाईक वर्ग दिले : कीबोर्ड-माउससाठी ०३, छपाईयंत्रासाठी ०७, पेनड्राइव्हसाठी ०८. म्हणून कोणत्याही कंपनीचा पेनड्राइव्ह कोठेही चालतो. पण ‘एफएफ’ हाही एक वर्ग आहे. त्याचा अर्थ : ‘माझी भाषा फक्त माझ्या निर्मात्याला विचारा.’ बहुतेक स्कॅनर आणि बोटांचे ठसे घेणारी अनेक यंत्रे याच वर्गात बसतात.

८/ खरी मेख येथे आहे. भाषा गुप्त, ड्रायव्हर बंदिस्त. मग यंत्राचे आयुष्य निर्मात्याच्या मर्जीवर. ६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिट कर्नल ड्रायव्हर चालत नाहीत. ज्या कंपन्यांनी नवे ड्रायव्हर लिहिले नाहीत, त्यांचे चालू स्थितीतील स्कॅनर नव्या संगणकांपुढे मुके झाले. त्यांतला एकही भाग झिजलेला नव्हता. याला ‘जुने होणे’ म्हणणे म्हणजे हद्दपारीला वार्धक्य म्हणण्यासारखे आहे.

९/ ‘दुसरा मार्गच नव्हता’ हा बचाव टिकत नाही. लिनक्सच्या २.४ मालिकेत यूएसबी स्कॅनरसाठी कर्नलमध्येच ड्रायव्हर होता. २.६ मालिकेत तो काढला गेला. पण त्यामुळे स्कॅनर मेले नाहीत. कर्नलने दार उघडे ठेवले आणि ‘लिबयूएसबी’च्या आधारे कर्नलबाहेरचे ‘सेन’ हे मुक्त सॉफ्टवेअर उपकरणाशी थेट बोलू लागले. ज्यांची भाषा उलगडली गेली असे कितीतरी जुने स्कॅनर त्यामुळे आजही चालतात. तेच लोखंड, तीच काच. फरक फक्त भाषा खुली असण्याचा.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे वाटू नये. मोडीतला कागद शाबूत असतो. वाचणारा उरत नाही. पण मोडी शिकता येते, कारण ती कोणाच्या मालकीची नव्हती. एखाद्या कंपनीने मोडीची बाराखडी तिजोरीत ठेवून कालांतराने तिजोरीच बुडवली असती, तर पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालांचे काय झाले असते? बंदिस्त ड्रायव्हर नेमके हेच करतो.

११/ विरोधी बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद सुरक्षेचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. डिस्क्रिप्टर म्हणजे उपकरणाने स्वतःविषयी केलेला दावा. पेनड्राइव्ह स्वतःला कीबोर्ड म्हणवून आज्ञा टंकू शकतो, हे २०१४ मध्ये ‘बॅडयूएसबी’ने दाखवले. आधारच्या ठशांना सांकेतिक कुलूप आणि यंत्राची सही हवी, हेही रास्तच.

१२/ पण कुलूप सुरक्षित असते ते किल्ली गुप्त असल्यामुळे. कुलपाची रचना उघड असली तरी ते टिकले पाहिजे, हे तत्त्व ऑग्युस्त केरखॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले. किल्ली यंत्राच्या पोटात ठेवा, संभाषणाची भाषा प्रसिद्ध करा. दोन्ही एकत्र नांदू शकतात. सुरक्षेच्या नावाखाली भाषा लपवणे ही बहुधा मक्तेदारीची ढाल असते.

१३/ म्हणून मागणी साधी आहे. ग्रंथालय, महाविद्यालय, तहसील कचेरी, जेथे सार्वजनिक पैशातून यंत्र घेतले जाते, तेथे निविदेतच अट हवी : उपकरण सामाईक वर्गाचे असावे, नाहीतर त्याची भाषा आणि ड्रायव्हरचा स्रोत खुला असावा. मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्येच जाहीर केले आहे. ते खरेदीच्या कागदावर उतरल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

१४/ इतिहासप्रेमी तरुणांनी ही बाब ‘तांत्रिक’ म्हणून सोडून देऊ नये. साखरखेर्ड्याची लढाई मुखोद्गत असणाऱ्यांना आपल्या स्कॅनरवर अंमल कोणाचा, हे ठाऊक असायला हवे. वऱ्हाडातील घरांच्या माळ्यांवर अजून कागद आहेत. त्यांना वाळवी आणि ओल दोन्ही लागते. ते स्कॅन होण्याआधीच यंत्र मुके पडले, तर हरवलेल्या पानाचा दोष वाळवीवर ढकलता येणार नाही.