डूडल पाहिजे? आधी आई दाखवा!

आमच्या ग्रुपमध्ये सध्या लग्न, फ्लॅट आणि ऑनसाइट हे तिन्ही विषय मागे पडलेत. टॉपिक एकच, कुत्र्याचं पिल्लू! त्यातही साधा लॅब्रेडॉर नको, तो काय सगळ्यांकडेच असतो. पाहिजे क्रॉस. लॅब्राडूडल, कॉकापू, गोल्डनडूडल... नावं ऐकून बेकरीत उभे आहोत असं वाटतं, हो ना?

या डूडल फॅडचा फ्लॅशबॅक मोठा इंटरेस्टिंग आहे. 1980च्या दशकाच्या अखेरीस हवाईतल्या एका अंध बाईंना गाइड डॉग हवा होता, पण नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी. ऑस्ट्रेलियातल्या गाइड डॉग संस्थेच्या वॉली कॉनरन यांनी लॅब्रेडॉर आणि पूडल यांची जोडी जमवली. पिल्लं झाली तीन. तपासणीत नवऱ्याला चाललं त्यातलं फक्त एक! पण ‘लॅब्राडूडल’ हे नाव असं काही क्लिक झालं, की जो तो डूडल विकायला लागला. आई-बापाच्या आजारांची तपासणी वगैरे गेली उडत. 2019मध्ये खुद्द कॉनरन यांनीच एका मुलाखतीत या सगळ्याचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं.

म्हणूनच ‘याच्यामुळे अजिबात अ‍ॅलर्जी होत नाही मॅडम’ असं कुणी छातीठोकपणे म्हणालं, की कान टवकारा. 2012मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पूडल, लॅब्राडूडल आणि इतर जातींचे केस तपासले. तथाकथित ‘अ‍ॅलर्जी-फ्री’ जातींमध्ये अ‍ॅलर्जी आणणारं प्रथिन कमी असतं, याचा काहीच पुरावा मिळाला नाही. घरात कुणाला शिंका येत असतील तर त्याच पिल्लांसोबत आणि त्यांच्या आईसोबत तास-दीड तास बसा. एकदा नाही, दोन-तीनदा.

दुसरा फंडा म्हणजे ‘क्रॉस आहे, आजारीच पडणार नाही’. अर्धसत्य! दोन वेगळ्या जातींमुळे काही आनुवंशिक आजारांची शक्यता कमी होते, हे खरं. पण लॅब्रेडॉर आणि गोल्डन या दोन्ही जातींत खुब्याच्या सांध्याचा आजार आहे. मग त्यांच्या पिल्लाला तो कुठून चुकणार? त्यामुळे आई-बापाच्या खुब्याचे एक्स-रे आणि डोळ्यांच्या तपासणीचे रिपोर्ट मागायचे. ‘दोघंही एकदम फिट आहेत’ हा रिपोर्ट नसतो.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीबरोबर पुण्यात असंच एक पिल्लू बघायला गेले होते. विक्रेत्यानं घरी न बोलावता एका मॉलच्या पार्किंगमध्ये बोलावलं. पिल्लू बुटांच्या खोक्यात. वय विचारलं तर ‘दीड महिना होईल आता’. आई? ‘ती गावाला असते.’ लसीचं कार्ड? ‘नंतर व्हॉट्सअ‍ॅप करतो.’ मैत्रिणीनं पिल्लाला उचललं आणि ते तिच्या ओढणीत शिरून चक्क झोपलं. संपलंच की हो सगळं! पण तिच्याच टीममधल्या एकानं असंच घेतलेलं पिल्लू पाचव्या दिवशी पार्व्होनं उलट्या करायला लागलं आणि आठव्या दिवशी गेलं. या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बऱ्याचदा चार ते सात दिवस लागतात. म्हणजे घेताना गोंडस दिसणारं पिल्लू आधीच आजारी असू शकतं. मैत्रीण पाच मिनिटं गप्प उभी राहिली, मग तिनं ते खोक्यात परत ठेवलं. गाडीत बसल्यावर रडली. ‘त्याचं काय होणार गं आता?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण ते एक पिल्लू वाचवायला आपण पैसे दिले, की ‘गावाला असलेल्या’ त्या आईला पुढच्या वेतासाठी पुन्हा जुंपणार, हेही तितकंच खरं.

कायदा आपल्या बाजूनं आहे बरं का. केंद्राच्या 2017च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादीची वर्षात एकापेक्षा जास्त वेतं काढता येत नाहीत. तेव्हा नोंदणीचं सर्टिफिकेट मागायला लाजू नका. फ्लॅट घेताना सात-बारा बघतोच ना?

आता थोडं स्वतःकडे. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर दोन-तीन तास शू रोखू शकतं आणि तुमची शिफ्ट असते नऊ तासांची. डूडलचे कुरळे केस रोज विंचरले नाहीत तर जटा होतात, शिवाय दीड-दोन महिन्यांनी ग्रूमरची वारी ठरलेली. वर लसी, नसबंदी, महापालिकेचं लायसन्स. हे सगळं दहा-बारा वर्षं जमणार असेल, तरच पुढे जा.

आणि हो, क्रॉसच पाहिजे ना? मग शेल्टरमध्येही एक चक्कर मारा. तिथली निम्मी मंडळी कुणाकुणाचा क्रॉस आहेत, हे त्यांनाही ठाऊक नसतं! फॅन्सी नाव नसेल, पण आपल्या उन्हाळ्याची सवय असते. नाव काय, तुम्ही ठेवालच की!