उसन्या क्रियापदाची समीक्षा

मराठी समीक्षेत लेखकाचा हेतू आणि साहित्यकृतीचा अर्थ यांच्या संबंधाविषयी जो वाद दीर्घकाळ चालू आहे, त्यात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. हा वाद भाषानिरपेक्ष असून इंग्रजीत तो जसा मांडला गेला तसाच तो मराठीत मांडता येतो, हे ते गृहीत होय. प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाही. या वादाचा बराचसा भाग इंग्रजीतील एका नित्याच्या क्रियापदाने निर्माण केला आहे. ते क्रियापद म्हणजे 'मीन'. आपण त्याचे भाषांतर सरसकट 'अर्थ' या नामाने केले आणि त्या क्रियापदातील संदिग्धता भांडणासकट घरी आणली.

प्रथम या क्रियापदाचा व्यवहार पाहू. इंग्रजीत माणूस 'मीन' करतो, शब्द 'मीन' करतो आणि आकाशात दाटलेले ढगही पाऊस 'मीन' करतात. कुणाला काल यायचे होते पण जमले नाही, तर त्याने येणे 'मीन' केले होते. एखाद्याचा हेतू चांगला असला तर तो चांगले 'मीन' करतो. एखादी गोष्ट आपल्या लेखी मोलाची असली तर ती आपल्याला पुष्कळ 'मीन' करते. जुन्या इंग्रजीपासून या क्रियापदाला मनात धरणे, इच्छिणे आणि सांगणे अशा छटा आहेत. क्षुद्र किंवा मध्य या अर्थी येणारे त्याच रूपाचे शब्द मुळात वेगळे आहेत, त्यांचा येथे संबंध नाही. मात्र एकाच क्रियापदात माणसाची इच्छा, शब्दाचा संकेत आणि निसर्गातील चिन्ह ही तिन्ही एकत्र नांदतात, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

इंग्रज तत्त्वज्ञांना हे ठाऊक नव्हते असे नाही. ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांनी १९२३ साली अर्थाच्या अर्थावर एक ग्रंथच लिहिला आणि या शब्दाच्या किती व्याख्या प्रचलित आहेत ते मोजून दाखवले. पॉल ग्राइस यांनी १९५७ साली अंगावरच्या पुरळाने गोवर 'मीन' करणे आणि बोलणाऱ्याने काही 'मीन' करणे यांत भेद केला व दुसऱ्या प्रकाराचा पाया बोलणाऱ्याच्या हेतूत शोधला. मराठी माणसाला यातला पहिला भेद करण्यासाठी निबंध लिहावा लागत नाही. पुरळ हे गोवराचे 'लक्षण' आहे, असे तो म्हणतो. ग्राइस यांचे कार्य त्यामुळे लहान ठरत नाही. पण ते कोणत्या भाषेतील गुंता सोडवीत होते याचे भान आपण ठेवायला हवे.

हे भान सुटले की काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे स्टीव्हन नॅप आणि वॉल्टर बेन मायकल्स यांचा १९८२ सालचा सिद्धान्तविरोधी निबंध. त्यांची कल्पना प्रसिद्ध आहे. समुद्रकिनाऱ्यावर लाट ओसरते आणि वाळूत वर्ड्‌स्वर्थच्या कवितेचे एक कडवे उमटलेले दिसते. या ओळी कुणीही लिहिलेल्या नसतील, तर त्या भाषाच नव्हेत, भाषेसारख्या दिसणाऱ्या खुणा आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. संहितेचा अर्थ आणि लेखकाचा हेतू या दोन वस्तू नसून एकच आहेत, म्हणून एकावरून दुसरीकडे जाण्याचा मार्ग शोधणारा सिद्धान्तच व्यर्थ, असे ते म्हणतात. हा युक्तिवाद केवळ एका क्रियापदावर उभा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण तो वाचताना जी स्वयंसिद्धता जाणवते ती मात्र क्रियापदाने पुरवलेली आहे. लाटा 'मीन' करीत नाहीत, म्हणून ओळीही 'मीन' करीत नाहीत, हे इंग्रजीत एकाच दमात बोलता येते. तेच मराठीत बोलून पाहावे. 'लाटांना काही म्हणायचे नव्हते, पण ओळींना अर्थ आहे.' या वाक्यात मराठी कानाला कोणताही अंतर्विरोध खटकत नाही. ते खरे की खोटे हे अद्याप ठरायचे आहे. पण ते विसंगत ठरत नाही, आणि नॅप-मायकल्स यांना ते विसंगत ठरवायचे होते.

मराठीची व्यवस्था मुळातच वेगळी आहे. माणसासाठी आपल्याकडे 'म्हणणे' आहे आणि त्याला इच्छेची जोड द्यायची तर 'म्हणायचे असणे' आहे. शब्दाचा अर्थ सांगताना आपण 'म्हणजे' वापरतो. हे रूपही 'म्हणणे' याच धातूचे आहे. परंतु जुन्या मराठीतील 'म्हणिजे' हे कर्मणी रूप होते, म्हटले जाते अशा अर्थाचे. कोण म्हणते ते तेथे सांगितलेले नाही. एकाच धातूतून मराठीने वक्त्यासह एक प्रयोग आणि वक्त्याविना दुसरा प्रयोग घडवला आणि दोन्ही निरनिराळ्या जागी ठेवले.

अर्थ या नामाबरोबर येणारी क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत. अर्थ लागतो, अर्थ लावला जातो, अर्थ निघतो, अर्थ काढला जातो. 'लागतो' म्हणताना वाचक उपस्थित असतो, पण कर्ता नसतो. 'लावतो' म्हणताना तो कर्ता होतो आणि जबाबदारही होतो. 'निघतो' म्हणताना संहिता उगमस्थान असते. 'काढतो' म्हणताना वाचकाविषयी थोडा संशय व्यक्त होतो. भलताच अर्थ काढू नका, असे आपण बजावतो. या चारही प्रयोगांत लेखक कर्ता नाही. उलट 'अभिप्राय' या शब्दाचा प्रवास पाहावा. संस्कृतात तो बोलणाऱ्याच्या मनातील आशय होता, आज मराठीत आपण तो वाचकाकडून मागवतो. 'अभिप्रेत' मात्र अजून लेखकाकडेच राहिला आहे. वाचनव्यवहाराचा एवढा तपशील ज्या भाषेच्या रोजच्या बोलण्यात आहे, त्या भाषेत 'कवितेला काहीतरी म्हणायचे आहे' किंवा 'ही कादंबरी म्हणू पाहते' अशी वाक्ये समीक्षकांनी लिहावीत, हे आश्चर्य आहे. फ्रेंचमध्ये शब्द आणि माणूस दोघेही 'म्हणू इच्छितात', आणि देरिदा यांनी १९६७ साली हुसर्लचे विवेचन करताना या वाक्प्रयोगाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. त्यांच्या भाषेत तो रूढ आहे. आपल्या भाषेत ते निव्वळ भाषांतर आहे, आणि भाषांतर आहे हे विसरले गेले आहे.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, 'गीता म्हणते', 'शास्त्र म्हणते' असे आपणही बोलतो. बोलतो खरे, पण 'गीतेला म्हणायचे आहे' असे सहसा बोलत नाही. ग्रंथाला वचन देता येते, इच्छा देता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जर्मनमध्ये माणसाच्या आणि शब्दाच्या 'मीन' करण्याला दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत, तरी अर्थनिर्णयनाचा मोठा वाद जर्मनीत झालाच. मग क्रियापदाला दोष का द्यावा? याचे उत्तर असे की, भाषेतील भेद प्रश्न सोडवीत नाही. तो प्रश्न नीट विचारू देतो. वाद राहतोच, पण त्याची जागा बदलते.

ही जागा आपल्या परंपरेत कोठे होती, हे विसरल्याचा दोष तर इंग्रजीच्या माथी मारता येणार नाही. आपल्याकडे प्रश्न 'तात्पर्य' या संज्ञेभोवती मांडला गेला. भोजनप्रसंगी 'सैंधव आण' असे म्हटले असता घोडा आणू नये, मीठ आणावे, हे बोलणाऱ्याच्या इच्छेवरून ठरते. म्हणून तात्पर्य म्हणजे वक्त्याची इच्छा, असे नैयायिकांनी मानले. मग न समजता बोलणाऱ्या पोपटाच्या वाक्याचे काय? तेथे त्यांना ईश्वराच्या इच्छेपर्यंत जावे लागले. 'वेदान्तपरिभाषा'कार धर्मराजाध्वरींद्र यांनी हा मार्ग नाकारला आणि विशिष्ट बोध निर्माण करण्याची वाक्याची योग्यता म्हणजे तात्पर्य, अशी भूमिका घेतली. नॅप-मायकल्स यांच्या लाटा आणि नैयायिकांचा पोपट यांचा प्रश्न एकच आहे. फरक असा की, येथे दोन्ही पक्षांना आपण कशाची व्याख्या करीत आहोत हे माहीत होते. वेद अपौरुषेय मानणाऱ्या मीमांसकांना लेखकाचा हेतू हा आधारच उपलब्ध नव्हता. म्हणून उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती या लिंगांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्याची शिस्त रूढ झाली. टिळकांनी १९१५ सालच्या 'गीतारहस्या'त आपल्या विवेचनाला आरंभ करताना हीच कसोटी पुढे ठेवली. विम्सॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी हेतूविषयक भ्रमावर निबंध लिहिला तो १९४६ साली. आम्ही वर्गात तो शिकवतो, आणि टिळकांची कसोटी समीक्षेची आहे हे सांगत नाही.

हा केवळ परिभाषेचा हट्ट नाही. साहित्यकृती न्यायालयात जाते तेव्हा या भेदाचे मोल कळते. 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली रंगभूमीवर आले आणि नाना फडणविसांच्या बदनामीचा आरोप झाला. नाटक अनैतिहासिक आहे, असे तेंडुलकर सांगत राहिले. ते आपल्याला काय म्हणायचे आहे ते सांगत होते. आक्षेप घेणारे नाटकाचा काय अर्थ निघतो ते बोलत होते. दोघांचे बोलणे एकमेकांना छेदतही नव्हते. कायद्याने मात्र हे दोन प्रश्न वेगळे ठेवले. भारतीय दंडसंहितेच्या २९५-अ कलमात दुष्ट हेतू सिद्ध करावा लागे. अश्लीलतेच्या २९२ कलमात तसे बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालीच उदेशी खटल्यात स्पष्ट केले. जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तरी हा भेद तिने पुसलेला नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या प्रकरणात २०१५ साली न्यायालयाने ती छापणाऱ्याला, त्याने आधीच दिलगिरी व्यक्त केली असल्यामुळे, मुक्त केले. कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगितले. अशा वेळी 'कवीला तसे म्हणायचे नव्हते' हा बचाव अपुरा असतो. कवितेच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत काय सिद्ध होते, कशाची आवृत्ती होते, उपरोध कोठे वळतो, हे दाखवणारा समीक्षक तेथे हवा असतो. कवीच्या मनाची ग्वाही देणारा साक्षीदार समीक्षकाचे काम करू शकत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. मराठी समीक्षकाने लिहिताना लेखकाचे म्हणणे, शब्दांचा अर्थ आणि कृतीचे तात्पर्य हे तीन शब्द तीन जागी वापरावेत. 'या ओळीतून कवीला काय म्हणायचे आहे?' हा प्रश्न परीक्षेत विचारून उत्तरपत्रिकेत ओळीचा अर्थ तपासणे बंद करावे. विद्यार्थ्याने कवीचे मन कोठून आणावे? इंग्रजीतील सिद्धान्त अवश्य वाचावेत. पण ते वाचताना तेथील क्रियापदापाशी क्षणभर थांबून, हे वाक्य मराठीत कोणत्या क्रियापदाने बोलले जाईल, असे स्वतःला विचारावे. पुष्कळ वेळा वाद तेथेच दुभंगेल आणि त्याचा एक भाग आपला नव्हताच, असे आढळून येईल. उरलेला भाग आपला आहे, आणि तो पुरेसा अवघड आहे.