ब्रिज कोर्स वेळापत्रकात आणा

पिंपरी-चिंचवडमधल्या एका महाविद्यालयाचे परिपत्रक एका वाचकाने आमच्याकडे पाठवले आहे. परदेशी विद्यार्थ्यांचा इंग्रजीचा ब्रिज कोर्स येत्या सत्रापासून दर शनिवारी दुपारी चार ते सहा घ्यावा, तो ऐच्छिक राहील, त्याला श्रेयांक नसतील, आणि नियमित तासिकांना त्यामुळे बाधा येणार नाही याची जबाबदारी इंग्रजीच्या शिक्षकाची राहील, असा त्याचा आशय आहे. हे एकच परिपत्रक असते तर त्यावर संपादकीय लिहिण्याचे कारण नव्हते. पण मार्चपासून आलेली बहुतेक पत्रे याच दुखण्याची आहेत, आणि जूनमध्ये नवी वेळापत्रके बसणार आहेत. बोलायचे तर आत्ताच बोलले पाहिजे.

आधी तासांचा हिशेब. शनिवारचे दोन तास, सत्राचे बारा-तेरा शनिवार. गणपती, दिवाळी, परीक्षा वगळल्या तर हाती वीस तासही लागत नाहीत. भाषेच्या बी-वन पातळीवरून बी-टूला जायला साधारण दोनशे तासांचे मार्गदर्शित अध्यापन लागते, असे केंब्रिजची परीक्षा घेणारे सांगतात. आपल्या इंग्रजी शिक्षकांपैकी ज्यांनी प्लेसमेंट टेस्ट मनापासून घेतली आहे, त्यांना माहीत आहे की येणाऱ्यांतले अनेक जण बी-वनलाही टेकलेले नसतात. वीस तासांत त्यांची पदवीच्या अभ्यासाची तयारी होईल असे परिपत्रक काढणाऱ्यालाही वाटत नसणार. तरीही ते निघते, कारण तपासणी समितीपुढे ठेवायला एक फाइल हवी असते.

खरा अन्याय हजेरीत आहे. टर्म ग्रँट व्हायला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. परदेशी विद्यार्थी वर्गाबरोबर क्वचितच येतो. व्हिसा उशिरा मिळतो, मुलगा ऑगस्टच्या अखेरीस नाहीतर सप्टेंबरमध्ये उतरतो. पोहोचल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते. ती ऑनलाइन झाली तरी तिला भाडेकरार लागतो, घरमालकाने चोवीस तासांत भरायचा परदेशी भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म लागतो, आणि तो फॉर्म भरायला तयार असलेला घरमालक मिळेपर्यंत मुलगा कुणाच्या तरी खोलीत गादी टाकून राहतो. या काळात बुडालेले तास त्याच्या नावावर गैरहजेरी म्हणून चढतात. मग इंग्रजीचा शिक्षक म्हणतो, आधी भाषा पक्की कर, माझ्याकडे रोज दोन तास बस. तो बसला की गणिताचा तास बुडतो, हजेरी आणखी घसरते. ब्रिज कोर्सची हजेरी कुठल्याच मस्टरवर नसल्याने ती भरून निघत नाही. सत्राअखेरी त्याचे नाव डिटेन्शनच्या यादीत लागते, आणि बोनाफाइड मागायला गेला की कार्यालयातला क्लार्क हजेरीचा आकडा दाखवतो. त्याच्या शेजारी बसलेला, एक अक्षर न समजता मागच्या बाकावर चार महिने काढलेला त्याचा मित्र मात्र सुखरूप सुटतो. जो शिकायला गेला त्याला दंड आणि जो नुसता बसून राहिला त्याला दाखला, अशी ही व्यवस्था आपण वर्षानुवर्षे चालवत आहोत.

प्रवेशाच्या वेळी इंग्रजी तपासायची पद्धतही याला जबाबदार आहे. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या (आयसीसीआर) शिष्यवृत्तीच्या अर्जात पाचशे शब्दांचा इंग्रजी निबंध मागतात, आयईएल्टीएस सक्तीचे नाही. घरबसल्या लिहिलेल्या निबंधाने भाषा तपासण्याचे दिवस संपले आहेत. स्वखर्चाने येणाऱ्यांकडून इंग्रजी माध्यमाचा दाखला घेतला जातो, आणि तो कुणी उलटून पाहत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी पंचवीस टक्क्यांपर्यंत अधिसंख्य जागांची मुभा दिली. महाविद्यालयांनी जागा वाढवल्या, परदेशी विद्यार्थी कक्षाची पाटी लावली. त्या पाटीमागे भाषेच्या शिक्षकाचे एक पूर्णवेळ पद निर्माण झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

येणारी मुले कुठून येतात, हे संस्थाचालकांनी एकदा नीट पाहावे. सुदानमध्ये १९९०नंतर उच्च शिक्षणाचे माध्यम अरबी झाले. तिथल्या आजच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी कदाचित इंग्रजीत पदवी घेतली असेल, त्याने स्वतः शाळा अरबीत केली आहे. येमेनचा मुलगा अरबीत शिकलेला, अफगाणिस्तानचा दरीत किंवा पश्तोत. अरब जगातल्या अनेक शाळांत समीकरणेसुद्धा अरबी अक्षरांत आणि उजवीकडून डावीकडे लिहितात. हा मुलगा गणितात कच्चा नसतो. फळ्यावरचे गणित त्याला ओळखू येईपर्यंत सत्र निघून जाते आणि आपण त्याला कच्चा ठरवतो.

याहून मोठी अडचण आपल्या बाजूची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. आपले वर्ग कागदावर इंग्रजी माध्यमाचे आहेत. थर्मोचा तास घ्या. सर म्हणतात, ‘आता बघा, हीट रिजेक्टच झाली नाही, मग सायकल पूर्ण कशी होणार?’ वर्ग माना डोलावतो. सुदानचा मुलगा ‘हीट’, ‘रिजेक्ट’ आणि ‘सायकल’ वहीत लिहितो. त्या तिघांना जोडणारे कारण मराठीत गेले, ते त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. संज्ञा इंग्रजीत आणि युक्तिवाद मराठी-हिंदीत, हे आपल्या अभियांत्रिकीच्या वर्गाचे खरे माध्यम आहे. स्थानिक मुलांसाठी सर ते चांगल्या हेतूनेच करतात, त्यांना दोष देता येणार नाही. पण बँड साडेसहा घेऊन आलेला मुलगाही या वर्गात पहिल्या महिन्यात हरवतो. चाकणच्या कारखान्यात औद्योगिक भेटीला नेले की सुपरवायझर सुरक्षेच्या सूचना हिंदीत सांगतो आणि हा मुलगा इतरांकडे पाहून हेल्मेट घालतो. तिथे न समजण्याची किंमत गुणांत मोजायची नसते.

ओरलला काय होते तेही पाहा. वर्कशॉपच्या जर्नलात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते, ‘द जॉब वॉज हेल्ड इन द थ्री-जॉ चक.’ सीनिअरच्या जर्नलातून उतरवलेले, एकही चूक नाही, सबमिशन वेळेवर. एक्स्टर्नल विचारतात, टर्निंगच्या आधी फेसिंग का केलेस? मुलगा हाताने टूल पुढे सरकवून दाखवतो, डाव्या तळहातावर उजवा पंजा आडवा फिरवून टोक सपाट कसे करायचे ते दाखवतो. त्याला उत्तर येते. ‘बिकॉज’पासून सुरू होणारे एक वाक्य त्याच्याकडे नाही, म्हणून त्याला पासिंगपुरते गुण मिळतात. त्या एका वाक्यासाठी आपण आहोत. वीस तासांत आपण त्याला ‘सेल्फ इंट्रोडक्शन’ आणि ‘माय होम टाउन’ शिकवतो.

हे दुखणे फक्त परदेशी मुलांचे नाही. जुन्नर, खेड, आंबेगावच्या मराठी शाळांतून आलेली मुले त्याच वर्गात बसतात. त्यांना सरांचा युक्तिवाद कळतो आणि परीक्षेत तो इंग्रजीत लिहिता येत नाही. पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने २०२१-२२पासून संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतून सुरू केली, तो निराळा आणि स्वागतार्ह मार्ग आहे. जे इंग्रजी माध्यमातच राहणार आहेत त्यांचे काय? खेडचा मुलगा आणि खार्टूमचा मुलगा एकाच ब्रिज कोर्सला बसवा. एकाकडे कारण आहे पण वाक्य नाही, दुसऱ्याला कारणच ऐकू आलेले नाही. जोडीने बसवले की पहिल्याला इंग्रजीत समजावून सांगावे लागते, कारण दुसऱ्याला मराठी येत नाही. आपल्या संघटनेच्या ज्या सदस्यांनी हे करून पाहिले त्यांची टिपणे आमच्याकडे आहेत, पुढच्या अंकात ती छापत आहोत.

यात नवे काही नाही. डॉ. शां. ब. मुजुमदारांनी १९७१मध्ये सिम्बायोसिसची सुरुवातच परदेशी विद्यार्थ्यांचे हाल पाहून केली, आणि इंग्रजी शिकवणारी एल्टिस ही संस्था तिथेच उभी राहिली. ज्यांच्या लेखनरचनेतल्या ‘मूव्हज्’ आपण प्रत्येक चर्चासत्रात सांगतो, त्या जॉन स्वेल्स यांनी सत्तरच्या दशकात खार्टूम विद्यापीठात विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवले. बर्मिंगहॅमला टिम जॉन्स आणि टोनी डडली-इव्हान्स यांनी परदेशी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी विषयाच्या प्राध्यापकाचे व्याख्यान ध्वनिमुद्रित केले आणि मग तो प्राध्यापक, भाषेचा शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र बसून त्यातले काय कळले नाही ते शोधू लागले. १९८०मध्ये त्यांनी त्यावर लिहिले. तेव्हा टेपरेकॉर्डर लागत होता. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आणि आपण थर्मोच्या सरांच्या केबिनचे दार ठोठावत नाही.

म्हणून थोडे आपल्याच माणसांशी. प्रवेश झालेल्या मुलाला आयईएल्टीएसच्या पुस्तकातून शिकवणे थांबवा. त्याला यापुढे बँड मिळवायचा नाही, त्याला प्रश्नपत्रिकेतला ‘जस्टिफाय’ आणि ‘डिराइव्ह’ यांतला फरक कळून उत्तर लिहायचे आहे. निगडी-चिंचवडमधले आपले काही सदस्य स्पीकिंगचे क्यू कार्ड पाठ करून घेतात आणि त्याला फाउंडेशन म्हणतात. त्यांनी फी घेताना मुलाचे इन-सेमचे पेपर एकदा मागून पाहावेत. प्लेसमेंट टेस्टचे निकाल पाठवा म्हणून गेल्या वर्षी आम्ही दोनदा कळवले. आलेली उत्तरे बोटांवर मोजावीत इतकी. आकडे हाती नसताना आम्ही विद्यापीठापुढे काय घेऊन जाणार?

आता मागणी. सत्र सुरू होण्याआधी चार आठवड्यांचा पूर्णवेळ ब्रिज कोर्स हवा. उशिरा येणाऱ्यांसाठी पहिले चार आठवडे सकाळचे तास ब्रिज कोर्सला द्यावेत आणि ती हजेरी विषयांच्या हजेरीत धरावी. नव्या शैक्षणिक धोरणात क्षमतावर्धन अभ्यासक्रमाचे श्रेयांक आहेतच. दोन श्रेयांक म्हणजे तीस तास, मस्टरसह, गुणपत्रिकेवर. अपुरे आहेत, पण वेळापत्रकात शिरायचे दार तेच आहे. स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यास मंडळांना हे येत्या बैठकीतच ठरवता येईल, त्यासाठी मुंबई-दिल्लीची वाट पाहायला नको. तुमच्यापैकी जे या मंडळांवर आहेत त्यांनी विषय कार्यक्रमपत्रिकेवर लेखी घालावा. तोंडी सांगितलेले इतिवृत्तात येत नाही.

आणि प्रत्येक सदस्याला विनंती अशी: तुमच्या महाविद्यालयातल्या एका विषयशिक्षकाच्या परवानगीने त्यांच्या तासाची वीस मिनिटे मुद्रित करा. युक्तिवाद कुठे मराठीत-हिंदीत गेला तिथे खूण करा, आणि त्या जागी लागणारी इंग्रजी वाक्ये त्या शिक्षकालाच विचारून लिहून काढा. इंजिनिअरिंग ड्रॉइंग, बेसिक इलेक्ट्रिकल, अकाउंटन्सी, फार्मास्युटिक्स, कोणताही विषय चालेल. सोबत मुलांची नावे झाकून प्लेसमेंट टेस्टचे निकाल जोडा. सगळे साहित्य जूनच्या पाच तारखेपर्यंत कार्यालयात पोहोचवा. संकलन सर्वांना विनामूल्य मिळेल, आणि त्याची एक प्रत आम्ही अभ्यास मंडळांच्या सदस्यांना स्वतः नेऊन देणार आहोत.