लघवीची घाई : लाज सोडा, इलाज आहे

भगिनींनो, आजचा विषय बायका सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. चार घरची धुणीभांडी करणारी बाई कामावर निघताना पाणी पीत नाही. लांबच्या एस.टी.ने लग्नाला जायचे टाळते. विहारात कार्यक्रम असला की दाराजवळची जागा धरून बसते. लघवीची घाई झाली की तिला दम निघत नाही, मोरी गाठेपर्यंत पातळ ओले होते. रात्री तीन-चार वेळा उठायचे, संडास वस्तीच्या टोकाला, त्यात दिवा नाही. "वय झाले, बाळंतपणे झाली, चालायचेच," असे म्हणून ती गप्प राहते.

हे चालायचे नाही. हा आजार आहे. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. ती भरत आली की मेंदूला निरोप जातो आणि मेंदू सांगेपर्यंत ती थांबते. या आजारात पिशवी अर्धी भरली नसतानाच स्नायू आवळतो. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना थेंब गळतात, तो प्रकार वेगळा आणि त्याचा इलाजही वेगळा. डॉक्टरांना हा फरक नीट सांगा.

आधी लघवीची आणि रक्तातल्या साखरेची तपासणी करून घ्यावी. जंतू किंवा मधुमेह निघाला तर इलाज तिथूनच सुरू होतो. तीन दिवस वहीत लिहा : किती वाजता, किती वेळा, कपडे ओले झाले का. चहा कमी करा, पण पाणी तोडू नका. लघवी घट्ट झाली की जळजळ आणि घाई दोन्ही वाढतात. थोडा थोडा वेळ जास्त धरण्याची सवय आणि खालचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम नेटाने दोन-तीन महिने केला तर पुष्कळ जणींना आराम पडतो. मग गोळ्या. काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, शौचाला घट्ट होते, म्हणून बायका त्या मध्येच सोडतात.

एवढे करूनही आराम नसेल तर नसेला विजेचे सौम्य झटके देण्याचा उपाय आहे. अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात डॉ. एमिल तनाघो आणि डॉ. रिचर्ड श्मिट यांनी तो पुढे आणला आणि १९९७ साली तिथल्या सरकारने त्याला मंजुरी दिली. माकडहाडाच्या वरच्या हाडाला भोके असतात. त्यातल्या तिसऱ्या भोकातून मूत्राशयाकडे जाणारी नस निघते. तिच्याजवळ बारीक तार ठेवतात आणि कुल्ल्याच्या वरच्या भागात कातडीखाली छोटे यंत्र बसवतात. मला यातली एक गोष्ट फार आवडते : आधी काही दिवस यंत्र बाहेर ठेवून परीक्षा घेतात. त्रास निम्म्याने तरी कमी झाला तरच ते आत बसवतात. म्हणजे आंधळेपणाने पैसा घालायचा नाही.

दुसरी वाट घोट्याची. पायात घोट्याजवळून जाणारी एक नस पाठीच्या कण्यात मूत्राशयाच्या नसांजवळच पोचते. तिथे सुई लावून आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे १२ आठवडे झटके देतात. दर आठवड्याला खाडा कोणाला परवडतो? म्हणून आता घोट्याच्या वर कातडीखाली बसवायची यंत्रे निघाली आहेत. नाण्याएवढे 'ईकॉइन' अमेरिकेत २०२२ साली मंजूर झाले. ते आपोआप दर तीन-चार दिवसांनी अर्धा तास चालते. २०२३ साली मंजूर झालेल्या 'रेव्ही'त बॅटरीच नाही. घरी घोट्याला पट्टा बांधला की ते चालते.

हे जादूचे यंत्र नव्हे. बंद केले की त्रास परत येतो. जखमेत पू होऊ शकतो, तार सरकू शकते, पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. कमरेच्या जुन्या यंत्राची बॅटरी साधारण पाच वर्षांनी बदलावी लागे. नवी चार्ज करायची यंत्रे १५ वर्षांपर्यंत टिकतील अशी बनवली आहेत. कमरेचे यंत्र आपल्या देशात मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत बसवतात आणि खर्च लाखांच्या घरात जातो. मजुरी करणाऱ्या बाईला तो कसा झेपणार, हा प्रश्न आहेच. मात्र तपासणी, वही आणि व्यायाम यांना लाख रुपये लागत नाहीत. सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग किंवा मूत्ररोग विभागात केसपेपर काढा, आणि ती तीन दिवसांची वही बरोबर न्या.