अबोल नवरा म्हणजे वैरागी नव्हे



आमच्या येलदरीत काय नि जिंतूरला काय, एक वाक्य सारखे कानी येते: "आमचा मुलगा कशात गुंतत नाही, अगदी वैरागी आहे." बायको रडतेय आणि हा मोबाइल बघतोय! याला वैराग्य म्हणणे हा धर्माचाच अपमान आहे.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत वर्षाच्या बाळांचे निरीक्षण केले. आई खोलीबाहेर जाऊन परतली, तरी काही बाळे तिच्याकडे बघत नसत. अगदी शांत वाटत. पुढे इतर संशोधकांनी त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले! रडून उपयोग नाही, एवढेच ती शिकली होती. १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी हीच ठेवण मोठ्यांच्या प्रेमातही दाखवली.

आता आपले शास्त्र बघा. नऊ नोकषायांत भय आहे. जवळ जाण्याची भीती हा मोहनीय कर्माचाच उदय. ती वीतरागता कशी? पूर्णेवरच्या धरणाचे दरवाजे बंद आहेत म्हणून आत पाणी नाही, असे आपण म्हणतो का?

तेव्हा सासूबाईंनो, "मोह वाढतो, उचलू नकोस" असे सुनेला सांगू नका. मोह वेगळा, आधार वेगळा. आणि मोठ्या मुलाचे अबोलपण कौतुकाने मिरवू नका. ही ठेवण बदलू शकते. त्याला बायकोशी रोज बोलायला लावा. क्षमावाणीला वर्षातून एकदा हात जोडून संसार होत नाही.