निकालाची नक्कल

शेजारच्या मावशींचा मुलगा मारामारीच्या खटल्यातून निर्दोष सुटला. पुढे बोटीवरच्या नोकरीसाठी निकालाची नक्कल हवी झाली. तिघे मिळून तालुक्याच्या कोर्टात गेलो. खिडकीवर पहिला प्रश्न: केस नंबर? मावशींना एवढंच आठवत होतं की निकाल चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात लागला!

शेवटी ई-कोर्ट्सच्या साइटवर नाव आणि वर्ष घालून 16 अक्षरी सीएनआर नंबर सापडला. 'माहिती अधिकारात मागा' असा फुकट सल्लाही मिळाला. पण नकलेसाठी कोर्टाच्याच नियमांनी अर्ज करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 सालीच सांगितलेलं आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 404 प्रमाणे, निकालाची झळ ज्याला पोचते त्याला फी भरून नक्कल मिळतेच. हक्क आहे तो, मेहेरबानी नव्हे. मग अर्ज कसा करायचा, हे खिडकीवर मराठी-कोकणीत लिहून लावायला काय हरकत आहे? राजभाषा कायदा 1987 चा. त्यावरून आपण डोकी फोडली, आणि नक्कल हातात आली ती इंग्रजीत.

मावशींनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "तो सुटलो म्हूण खंय बरयलां?"

मी शेवटच्या पानावर बोट ठेवलं.